पेटी उघडणारी माणसे

जपानातल्या निंटेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचा एक लाल-पांढरा डबा बाजारात आणला. लोकांनी ते नाव आखूड करून 'फॅमिकॉम' केले. दिवाळी अंकाच्या वाचकाला हे नाव परके वाटेल, पण डबा परका नाही. १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडच्या मोठ्या शहरांतून आणि मग सांगली-साताऱ्यासारख्या गावांतूनही जो 'व्हिडिओ गेम' म्हणून विकला गेला, टीव्हीला जोडला की ज्याच्यासाठी घरात भांडणे लागत, आणि ज्याच्या कॅसेटच्या तोंडात फुंकर मारल्याशिवाय आतला मारिओ उडी मारायला तयार होत नसे, तो याच डब्याची परदेशात झालेली स्वस्त नक्कल होता. आज चाळिशीत असलेल्या पुष्कळांच्या बालपणाचा तो साक्षीदार आहे, माझ्याही.

या डब्याची बुद्धी आजच्या हिशेबाने अगदीच बेताची. कामापुरती स्मृती दोन किलोबाइट, म्हणजे इंग्रजी अक्षरांनी गच्च भरलेले एखादे पान. आवाजाचे पाच मार्ग: दोन चौकोनी लहरींचे, त्यांवर सहसा मुख्य चाल वाजे, एक त्रिकोणी लहरीचा, तो खर्जाला, एक नुसत्या खरखरीचा, त्याच्यातून तबला-झांजेचे काम निघे, आणि पाचवा, आधी मुद्रित करून ठेवलेले आवाजाचे तुकडे वाजवणारा. एवढ्या भांडवलावर जपानी संगीतकारांनी जी गाणी केली ती कोट्यवधी मुलांच्या कानांत कायमची बसली. तरी त्यांना पाच कमीच पडत होते. गाणाऱ्याला सूर कमी पडणे ही तक्रार जुनीच आहे.

पण फॅमिकॉम बांधणाऱ्यांनी एक शहाणपण करून ठेवले होते. शहाणा गवंडी जसा पुढेमागे लागेल म्हणून भिंतीत एखादा कोनाडा सोडून ठेवतो, तसा त्यांनी आवाजाच्या तारेला एक वळसा दिला. डब्यात तयार झालेला आवाज सरळ टीव्हीकडे जात नसे. तो आधी कॅसेटमध्ये जाई आणि तिथून परत येई. साध्या कॅसेटमध्ये जाण्याची व येण्याची तार नुसती एकमेकींना जोडलेली असे. पण कोणाला वाटले तर कॅसेटमध्येच आणखी एक नादयंत्र बसवून त्याचा आवाज त्या वाटेवर मिसळून देता येई. १९८६ साली निंटेंडोने या डब्याला चकतीचे खेळ वाजवणारी जोडपेटी काढली, तिने याच वाटेने एक सहावा स्वरमार्ग आणला. कोनामी या कंपनीने १९८९ च्या डिसेंबरात 'अकुमाजो देन्सेत्सु' हा खेळ काढताना कॅसेटमध्ये स्वतःची चिप बसवली आणि तीन वाद्ये वाढवली. १९९१ साली त्याच कंपनीच्या 'लाग्रांज पॉइंट' या खेळात आणखी निराळ्या जातीचे सहा मार्ग आले. डबा तोच, १९८३ चा. गाणे मात्र त्याच्या ऐपतीपलीकडचे.

आता गंमत पाहा. हाच डबा १९८५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत विकायला काढला तेव्हा त्याचा सारा पोशाख बदलला. दोनच वर्षांपूर्वी तिकडे व्हिडिओ गेमचा बाजार बसला होता. दुकानदार त्या नावालाही विटले होते. म्हणून डब्याला व्हिडिओ कॅसेट वाजवणाऱ्या यंत्रासारखे रूप दिले आणि कॅसेटची खाचही निराळी केली. जपानी खाचेत साठ टोके होती, अमेरिकी खाचेत बहात्तर झाली. टोके बारा वाढली, आणि नेमका तो आवाजाचा वळसा तेवढा गळाला! त्याऐवजी काही तारा डब्याच्या बुडाशी असलेल्या, प्लॅस्टिकच्या झाकणाखालच्या एका बंद खाचेकडे नेल्या. पुढे कधीतरी तिथे काहीतरी जोडायचा बेत असावा. तो बेत बाजारात कधीच आला नाही. १९९० साली 'अकुमाजो देन्सेत्सु' इंग्रजी नाव घेऊन अमेरिकेत गेला तो ती तीन जादा वाद्ये जपानातच ठेवून.

ही गोष्ट इथेच संपली असती. पण जगात एक जात अशी असते की तिला बंद झाकण पाहवत नाही. जुन्या डब्यांच्या या शौकिनांनी बुडाची खाच उघडली, कोणते टोक कुठे जाते ते शोधून काढले आणि दोन टोकांच्या मधे एक रेझिस्टर डाग दिला. रेझिस्टर म्हणजे विजेच्या वाटेत घातलेला अडसर. दुकानात तो चणे-फुटाण्यांच्या भावात मिळतो. तेवढ्याने जपानी कॅसेट एका जोडतुकड्यावर बसवून अमेरिकी डब्यात घातली की तीस वर्षे मुकी राहिलेली तीन वाद्ये बोलू लागतात. कोणी याच डब्याच्या चित्राची वाट सुधारली, कोणी त्यातून नव्या टीव्हीला चालेल असा संकेत काढला. पण मला सर्वांत भावतो तो हा आवाजाचा डाग. कारण त्यात शेवटचा निर्णय कानाचा असतो. अडसर किती मोठा घालावा? लहान घातला तर नवी वाद्ये जुन्यांच्या डोक्यावर बसतात, मोठा घातला तर कुजबुजतात. त्यावर ही मंडळी असे हिरिरीने वाद घालतात की जणू घराण्याच्या तालमीचा प्रश्न आहे.

आपल्याकडच्या नकलांचीही एक निराळीच कहाणी आहे. जपानी डबा सेकंदाला साठ चित्रे देणारा. आपल्याकडे १९८२ पासून रंगीत दूरदर्शन आले ते पन्नास चित्रांच्या 'पाल' पद्धतीचे. तेव्हा नक्कल करणाऱ्यांना आतली चिप आपल्या टीव्हीला जुळेल अशी बदलावी लागली. ज्या नकलांत ही बदललेली चिप होती त्यांत स्वर जवळजवळ जागेवर राहिले, पण सारा खेळ आणि त्याचे संगीत सहाव्या हिश्शाने संथ झाले. जपानी पोराने जे मध्य लयीत ऐकले ते आमच्या पिढीने विलंबिताकडे झुकलेले ऐकले. एवढेच नव्हे, तर पुढे मूळ चाल कानावर आली तेव्हा तीच आम्हांला घाईची वाटली.

इतका वेळ मी दूरच्या डब्याविषयी बोललो; आता जवळच्या पेटीकडे येतो. सूर कमी पडतात म्हणून एक विलायती यंत्र उघडायचे, त्यात नसलेले सूर बसवायचे, आणि शेवटी ते कानाला पटते की नाही यावर वादंग माजवायचे, हा सारा उद्योग सातारा आणि सांगली या दोन गावांनी मिळून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केलेला आहे. मराठीत हार्मोनियमला पेटी म्हणतात हा योगायोगही मला मोठा सोयीचा आहे.

ही पेटी मूळची पॅरिसची. अलेक्झांद्र देबँ याने १८४० साली तिचे पेटंट घेतले. भाता दाबला की वारा पितळी पात्यांवरून जातो, पाती थरथरते आणि सूर निघतो. प्रत्येक पट्टीला आपली पाती. मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांबरोबर ती हिंदुस्थानात आली. मूळ वाद्य पायाने भाता मारायचे, खुर्चीवर बसून वाजवायचे. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी गेल्याच्या गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तिला बैठकीवर बसवले: भाता मागे घेतला, तो डाव्या हाताला दिला, आणि पाय मोकळे केले. यंत्राला आपल्या घरच्या रीती शिकवण्याचा हा पहिला प्रकार, आणि सर्वांत यशस्वीही. महाराष्ट्रात मात्र पायपेटी टिकली ती संगीत नाटकांमुळे. ज्या सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केले, त्या मुलखाला नाटकाचे वेड किती असेल हे सांगायला नको. आणि नाटक म्हटले की ऑर्गन आलाच.

पण या पेटीत एक खोट होती. ती खोट समजून घ्यायला थोडे गणित लागते. मी भाषेचा मास्तर, शिक्षण मॅट्रिकपुरते. तेव्हा वाचकांनी घाबरू नये, मला कळले तेवढेच सांगणार आहे.

समजा षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला. तर खरा पंचम त्याच्या दीडपट, म्हणजे ३६० चा. पेटीचा पंचम ३५९.६ च्या आसपास. हा फरक ब्रह्मदेवालाच कळावा. पण गांधार पाहा. तंबोरा चांगला जुळला की त्यातून जो आपोआप गांधार उमटतो तो षड्जाच्या सव्वापट, म्हणजे ३०० चा. पेटीचा गांधार आहे ३०२.४ चा. अडीच कंपनांचा तो फरक काय, असे वाटेल. पण तंबोऱ्याच्या नादातला तो वरचा गांधार आणि पेटीच्या गांधारातला वरचा अंश एकमेकांवर सेकंदाला नऊ-दहा वेळा आदळतात. कानाला ते खडबड लागते. शिवाय आपल्याकडे दुसराही एक गांधार आहे, पंचमाच्या पायऱ्या चढत गेले की सापडणारा. तो ३०३ आणि पाऊण कंपनांचा. म्हणजे पेटीचा गांधार यातही नाही आणि त्यातही नाही. दोन गावांच्या मधल्या माळावर एसटीचा थांबा असावा आणि दोन्ही गावांना चालत जावे लागावे, तशातली गत.

यात पेटी करणाऱ्याचा काही गुन्हा नव्हता. युरोपियन संगीतात चाल मधेच एका पट्टीवरून दुसरीवर जाते. म्हणून त्यांनी सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडले. कोणतीही पट्टी षड्ज धरा, सगळीकडे सारखेच थोडे बेसूर. या तडजोडीचा फायदा आपल्यालाही झालाच. काळी एकचा गवई उठून पांढरी पाचची बाई गायला बसली तरी पेटी तीच चालते. किंमत दिली ती गांधार-धैवतांनी. आणि आपल्याकडे तर भरताच्या काळापासून सप्तकात बावीस श्रुती मोजलेल्या: षड्जाच्या चार, ऋषभाच्या तीन, गांधाराच्या दोन, मध्यमाच्या चार, पंचमाच्या चार, धैवताच्या तीन, निषादाच्या दोन. देवगिरीच्या यादवांकडे असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकरा'त त्यांचा सविस्तर ऊहापोह केला. बावीस खणांचा संसार बारा खणांच्या पेटीत कसा मावायचा?

हा प्रश्न ज्याने मनावर घेतला तो गवई नव्हता, कारागीर नव्हता. तो होता सांगलीचा एक सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर. कृष्णाजी बल्लाळ देवल हे त्यांचे नाव. सरकारी नोकरीत जन्म काढलेला माणूस निवृत्तीनंतर गीता वाचतो, नाहीतर नातवंडांना शाळेत पोचवतो. देवल श्रुती मोजायला बसले. त्यांची रीत जमीन मोजणीसारखीच रोखठोक होती. एका लाकडी खोक्यावर तारा ताणायच्या, खाली मोजपट्टी. जाणत्या गायकाने स्वर लावायचा, त्या स्वराशी तार मिळेपर्यंत खालची घोडी सरकवायची, आणि लांबी टिपायची. समजा तार ३६ इंचांची आहे. पंचमाला ती २४ इंचांवर बोलते, तंबोऱ्याच्या गांधाराला २८ इंच आणि आठ दशांशांवर. लांबीच्या अपूर्णांकातून स्वराचा अपूर्णांक मिळतो. पट्टी, तार आणि कान, एवढ्यावर हे चाले.

तार कोणीही ताणील. पण मोजायला स्वर कोणाचा घ्यायचा? इथे देवलांचे भाग्य उभे राहिले. सांगलीपासून दोन-अडीच कोसांवर मिरज. आणि मिरजेशी ज्यांचे नाव कायमचे जडले ते खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. मूळचे किराण्याचे, १८७२ चा जन्म, गळा असा की स्वर लावला म्हणजे सुईच्या नेढ्यातून दोरा गेल्यासारखा. गवयाने आपली विद्या पट्टी घेऊन मोजू द्यावी ही त्या काळात लहानसहान गोष्ट नव्हती. घराण्याच्या चिजा शिष्यालाही अर्ध्या सांगायच्या असा तो जमाना. खाँसाहेब देवलांच्या खोक्यासमोर बसून स्वर लावत राहिले, एकेक श्रुती पुन्हापुन्हा. या चित्रात मला एका कादंबरीचा ऐवज दिसतो; पण ती कादंबरी लिहिण्याचा मोह आवरतो, कारण त्यांचे संवाद माझे होतील आणि स्वर त्यांचे राहणार नाहीत. १९१० साली देवलांचे हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती या विषयावरचे इंग्रजी पुस्तक पुण्यात छापून निघाले.

तिसरा माणूस साताऱ्याचा, म्हणजे साताऱ्यास नेमलेला. अर्नेस्ट क्लेमेंट्स, आय. सी. एस., जिल्हा न्यायाधीश. दिवसा खून-दरोड्यांचे खटले ऐकायचे आणि संध्याकाळी रागरागिण्या. त्या वेळी सातारा इंग्रजांचा जिल्हा, सांगली पटवर्धनांचे संस्थान. एकाच कृष्णेच्या काठी दोन राज्ये. पण श्रुतींच्या बाबतीत दोघांचे चांगलेच जमले. क्लेमेंट्सचे ठाम मत असे की विलायती पेटीचे तडजोडीचे स्वर हिंदी गाण्याचा कान बिघडवत आहेत. साहेबाने साहेबाच्या वाद्याविरुद्ध हिंदी गाण्याची बाजू घ्यावी, यात मौज आहे. दोघांनी मिळून पश्चिम हिंदुस्थानची एक फिलहार्मोनिक संस्था काढली. १९१३ साली क्लेमेंट्सचे हिंदी संगीताचा परिचय करून देणारे पुस्तक निघाले, तेही देवलांच्या श्रुतींच्या पायावर.

पण पुस्तकावर थांबतील तर ते कसले? त्यांना बावीस स्वर वाजवून दाखवायचे होते. १९११ च्या सुमारास लंडनचे एच. कीथ मूर यांच्याकडून तशी पेटी करवून घेतली: 'इंडियन हार्मोनियम'. भाता तोच, पितळी पात्या त्याच जातीच्या, पण सप्तकात बाराऐवजी श्रुतींच्या हिशेबाने वाढवलेले स्वर. पात्या मिळवणे हेही नाजूक काम. पातीचे टोक कानसाने किंचित घासले की ती हलकी होऊन स्वर चढतो. बुडाशी घासले की उतरतो. एक घाव जास्त बसला तर परत आणणे जड. ज्या पात्या युरोपात सारख्या तुकड्यांसाठी घासल्या जात, त्याच आता सांगलीत मोजलेल्या, मिरजेच्या गळ्यातून आलेल्या अपूर्णांकांसाठी घासल्या गेल्या. मूळ यंत्र घडवणाऱ्याच्या मनात नसलेले गाणे त्या यंत्राकडून काढायचे, हाच तो खटाटोप. फॅमिकॉमच्या कॅसेटमध्ये जादा चिप बसवणाऱ्यांना देवलांचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. पण बिरादरी एकच.

त्याच १९११ साली 'मानापमान' रंगभूमीवर आले. पदांना चाली कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे यांच्या. आणि टेंबे म्हणजे पेटीचे बादशहा. त्यांनी बारा पट्ट्यांच्या साध्या पेटीवरून लोकांना वेडे केले. श्रुतींची पेटी जन्मली तेव्हा बेश्रुतीच्या पेटीचे असे भर वैभव चालले होते, हे विसरून चालणार नाही.

मग १९१६ चा मार्च उजाडला. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिचे सूत्रधार पंडित विष्णु नारायण भातखंडे, पेशाने वकील. देवल आणि क्लेमेंट्स आपली पेटी घेऊन तिथे गेले. एक न्यायाधीश, एक डेप्युटी कलेक्टर आणि एक वकील असा खटला उभा राहिला, आणि निकाल गवयांच्या गळ्यावर सोपवला गेला! जाणत्या गवयांच्या गाण्याशी पेटीचे स्वर ताडून पाहिले, आणि ते जुळेनात. देवलांचे अपूर्णांक चुकीचे होते असे नव्हे; सव्वापट ती सव्वापटच. पण ज्या रागात अमुक श्रुती लागते असे पेटी म्हणे, त्या रागात दुसऱ्या घराण्याचा गवई केसभर निराळीकडे जाई. आणि एकच गवई आरोहात एके जागी तर अवरोहात दुसऱ्या जागी. शिवाय तो स्वरावर उभा राहण्याआधी आंदोलत येतो, मींडेने जातो. पेटीच्या पातीला बावीस घरे दिली तरी एका घरातून दुसऱ्या घरात घसरत जायची वाट कोणी दिली नव्हती. भातखंडे यांना तर श्रुती अशा खिळे मारून पक्क्या करण्याची कल्पनाच मान्य नव्हती. त्यांनी आपली सारी थाटपद्धती बारा स्वरांवर मांडली. श्रुतींची पेटी बडोद्याहून परतली ती पुढे संग्रहाची वस्तू होण्यासाठी.

माझ्या मते या पराभवात पेटीवर थोडा अन्याय झाला. बारा स्वरांच्या पेटीलाही मींड येत नाही. तिला कोणी बडोद्यास नेऊन परीक्षेला बसवले नाही. ती चोरपावलांनी घरात शिरली, कीर्तनात बसली, तमाशात गेली, भजनी मंडळात स्थिरावली. बावीस स्वरांची पेटी मात्र आपण अचूक आहोत असे सांगत आली, म्हणून तिची चूक लगेच दिसली. आणि बोटांचाही प्रश्न होताच. बारा पट्ट्यांवर घोटलेली बोटे असलेले वाजवणारे गावोगाव होते. बावीसांवर बोटे कोणाची बसली होती? अमेरिकी डब्याच्या बुडाची खाच जशी वाजवायला काही नसल्यामुळे झाकणाखाली पडून राहिली, तसेच इथे झाले. सूर होते, गाणाराही होता. पण त्या सुरांसाठी लिहिलेली कॅसेट नव्हती, असे मुलांच्या भाषेत म्हणता येईल.

कारागिरांनी मात्र चर्चेची वाट पाहिली नाही. त्यांनी मधलीच तोड काढली. पेटी उघडायची, नव्या पात्या घालायच्या नाहीत. ज्या आहेत त्याच तंबोरा समोर ठेवून एका ठरलेल्या षड्जाला जुळतील अशा घासायच्या. याला पेटीवाले 'गांधार ट्यूनिंग' म्हणतात. गांधार मग तंबोऱ्यात साखरेसारखा विरघळतो. तोटा एवढाच की पेटी त्या एका पट्टीची बांधील होते. षड्ज बदलला की तेच गोड स्वर पूर्वीपेक्षा कडू लागतात. कारखान्याने सर्व पट्ट्यांना सारखे थोडेथोडे नाराज ठेवले होते. आपल्या कारागिराने एकीला प्रसन्न केले आणि बाकीच्यांची नाराजी पत्करली. डब्याच्या शौकिनाला हे ओळखीचे वाटेल: एक वाट सुधारली की दुसरीकडे काहीतरी मोजावे लागतेच.

पुढे पेटीवर खरी संक्रांत आली ती निराळ्याच दिशेने. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला आकाशवाणीवरून हद्दपार केले. तक्रारी त्याच: मींड नाही, श्रुती नाहीत, परकी आहे. म्हणजे जो दोष काढायला देवल-क्लेमेंट्स झटले, त्याच दोषापायी शिक्षा झाली, आणि दोष दुरुस्त केलेली पेटी तोवर कोणाच्या आठवणीतही नव्हती! बंदी तीसेक वर्षे चालली; १९७० च्या सुमारास ती सैल झाली. तोवर घरोघरी पेटी वाजतच होती. रेडिओ बंद केला की पेटी सुरू, असा तो काळ.

देवलांचा प्रश्न मात्र मेला नाही. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक हे डॉक्टर आणि पेटीवादक; त्यांनी या काळात बावीस श्रुतींची पेटी पुन्हा घडवली, आणि इथे यंत्र उघडण्याची अक्कल शंभर वर्षांनी किती पुढे गेली ते दिसते. पट्ट्या त्यांनी वाढवल्याच नाहीत. षड्ज आणि पंचम अचल, त्यांची एकेक जागा. उरलेल्या दहा स्वरांच्या दोन-दोन. ज्या स्वराची दुसरी जागा हवी त्याची कळ आधी ओढून ठेवायची. पट्टी तीच, बोट तेच, सूर निराळा. वाजवणाऱ्याच्या बोटांना नवे काही शिकायला नको. १९११ च्या पेटीने बोटांना बदलायला सांगितले होते, ही पेटी स्वतः बदलते. बडोद्याला जो प्रश्न उभा राहिला, कोणत्या रागात कोणती श्रुती, तो मात्र कळ ओढणाऱ्याला आजही स्वतःच सोडवावा लागतो.

मिरजेत वाद्यांचा धंदाही असाच एका जुन्या बदलातून उभा राहिलेला. तलवारी-भाल्यांना धार लावणारे शिकलगार. राज्ये गेली, हत्यारे गंजली, तेव्हा त्यांतल्या काहींनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तंबोरे-सतारी हाती घेतल्या. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव त्यांत पहिले घेतात. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे, हात मिरजेचे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. देवलांच्या अपूर्णांकांची साक्ष काढायची झाली तर ती याच तंबोऱ्यात काढावी लागते. तिथे गांधार कोणी बसवलेला नाही, तारा जुळल्या की तो येतो.

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ च्या ऑक्टोबरात दक्षिणेत प्रवासात वारले. त्यांना मिरजेस आणले, आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात ते चिरविश्रांती घेत आहेत. तिथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. लांबलांबचे गवई येऊन हजेरी लावून जातात. मागे तंबोरे असतात, बहुतेक गावातच घडलेले, आणि साथीला पेटी असते ती सहसा साधी, बारा पट्ट्यांची. पेटीवाला आधी गवयाची पट्टी विचारून घेतो. गाणे रंगते, पेटी मागोमाग चालते. आणि गवई तोडीच्या त्या अतिकोमल गांधारावर येऊन थांबला, की जाणता पेटीवाला त्या पट्टीवरचे बोट हळूच उचलून घेतो.